तारेला वाटेकरी नसतो

‘शिकार तर यांच्या रक्तातच आहे.’ शेतातल्या जिवंत तारेचा विषय निघाला आणि हे वाक्य या आठवड्यात मला पुन्हा ऐकावं लागलं. बोलणारे गृहस्थ शिकलेले, कामानिमित्त गोंदियातल्या दरेकसा भागात नेहमी येणारे. ‘यांच्या’, म्हणजे इथल्या आदिवासींच्या, म्हणताना त्यांनी कचारगडच्या डोंगराकडे हात केला. तिथली माघ पौर्णिमेची जत्रा आटोपून फार दिवस झालेले नाहीत. महाराष्ट्र, छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणा अशा चार दिशांनी आलेली माणसं दरेकसा स्टेशनवर उतरली आणि थंडीत चालत धनेगावकडे गेली. ज्यांच्या रक्ताचा हिशेब हे गृहस्थ मांडत होते, त्यांच्याच ओसरीवर आणि त्यांच्याच शेकोटीशी कित्येकांची रात्र निघाली. मी तिथल्या तिथे बोललो, पण रागात माणूस अर्धंच बोलतो. उरलेलं इथे लिहितो.

तारेवर या जागेत पूर्वी बरंच लिहून झालं आहे. खांबावर आकडा टाकून वीज कशी ओढतात, ती जनावरं अडवायला बांधीच्या, म्हणजे धानाच्या शेताच्या, कडेने कशी फिरवतात, हे वाचकांना ठाऊक आहे. आजचा मुद्दा तार म्हणजे जुनी शिकारच, साधन तेवढं बदललं, या समजुतीचा आहे. ही समजूत चुकीची आहे, आणि तिच्यामुळे एका संपूर्ण समाजावर जो डाग बसतो तो मला सहन होत नाही. बाहेरच्या वर्तमानपत्रांत दरेकसा हे नाव वर्षानुवर्षं नक्षल दलमाच्या बातम्यांतच छापून आलं. आता त्यात शिकाऱ्याचा शिक्का कशाला?

गावाने मिळून करायच्या शिकारीचे, म्हणजे पारधीचे, दिवस नेमके हेच असत. खरिपाचा धान कापून, चुरून घरात आलेला, पुंजणे मोडलेले, आणि मोहफुलाला अजून अवकाश. हाताला काम नाही, घरात दाणा आहे, असा वर्षातला हा एवढाच काळ. जंगलही याच दिवसांत उघडं पडतं. पानगळ झाली की पावसाळ्यात दहा पावलांपुढचं न दिसणारं रान लांबपर्यंत दिसू लागतं. नाले आटतात, जनावर उरलेल्या पाण्याकडे येतं. पहाटे एवढी थंडी, की विदर्भातलं सर्वांत कमी तापमान अनेकदा गोंदियाच्या नावावर लागतं, आणि दुपारी पाठीला ऊन चटकतं. अशा दिवसांत गाव एकत्र निघे.

त्या पारधीबद्दल इथली जुनी माणसं बोलतात तेव्हा नेम कोणी धरला यापेक्षा वाटणी कशी झाली हे जास्त सांगतात. मी हे इतक्या जणांकडून ऐकलं आहे की त्यातला क्रम पाठ झाला. निघायचं ते गावाला सांगून, देवाला मान देऊन. कोणी वाघर लावणार, कोणी हाकारे घालणार, पोरंसोरं झुडपं बडवणार. जनावर पडलं की ते गावात उघड्यावर आणायचं. ज्याचा पहिला घाव, त्याला मानाचा वेगळा हिस्सा. मग पानांवर ढीग घालायचे, घरटी एक, कमीजास्त दिसला तर एकातलं उचलून दुसऱ्यात टाकायचं. ज्या घरात कर्ता पुरुष नाही त्या घराचा ढीग असे. जो तापाने पडून होता त्याचा असे. त्या दिवशी योगायोगाने गावात आलेल्या पाहुण्याचाही असे. शिकार लहान मिळाली तर ढीग लहान होत, पण त्यांची संख्या कमी होत नसे.

जगात इतरत्रही शिकारीवर जगलेल्या लोकांनी हाच नियम वेगवेगळ्या रीतींनी बांधला. कलाहारीच्या वाळवंटातल्या लोकांमध्ये राहून रिचर्ड ली या मानववंशशास्त्रज्ञाने १९६९ मध्ये त्यांच्याविषयी लेख लिहिला. तिथे मोठी शिकार करणाऱ्याचं कौतुक कोणी करत नाही, उलट जनावर किती रोडकं आहे म्हणून त्याची थट्टा करतात, म्हणजे त्याच्या डोक्यात हवा जाऊ नये. आणि मांस वाटायचा अधिकार बाण मारणाऱ्याकडे नसतो, ज्याचा बाण त्याच्याकडे असतो. बाण तर ते एकमेकांना देत-घेत असतात. मेलेलं जनावर एकट्याचं होऊच नये, याची तजवीज शिकारीला निघण्याआधीच झालेली असते.

आता तारेकडे या. तार रात्री लागते, पहाटे निघते. तिला हाकारे लागत नाहीत, वाघर धरणारे दहा जण लागत नाहीत, एकटा माणूस पुरतो आणि त्याने कोणाला सांगायचं नसतं. पडलं ते रानडुक्कर असेल तर मटण अंधारात कापून पिशवीतून विकलं जातं. पडला तो वाघ असेल तर खड्डा खणला जातो. आपल्याच नागझिऱ्यातून निघून उमरेड-कऱ्हांडल्यात गेलेला जय हा वाघ सगळ्यांना आठवतो. त्याचा बछडा श्रीनिवास २०१७ च्या एप्रिलमध्ये नागभीड भागात एका शेतातल्या अशाच तारेला चिकटून मेला आणि त्याच शेतात पुरला गेला. पारधीतलं जनावर गावाच्या मध्यभागी येत होतं, तारेतलं जमिनीखाली जातं. हा फरक ज्याला दिसत नाही त्याने रक्ताबद्दल बोलू नये.

कोणी म्हणेल, मग पारध पुन्हा सुरू करायची का? नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती थांबवली. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींचे जंगलावरचे कितीतरी हक्क मान्य केले, पण शिकारीचा पारंपरिक हक्क शब्दांत लिहून बाजूला ठेवला. मला हे मान्य आहे. जंगल आकसलं, जनावरं कमी झाली, आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला तो या भागाच्या भल्यासाठीच. पण बंदीनंतर जे घडलं तेही सांगायला हवं. जी थोडीफार शिकार चोरून चालू राहिली तिच्यातून वाटणी आधी गेली. लपवून आणलेलं मटण शेजारणीच्या हातात कसं ठेवणार? तिचं पोर शाळेत बोललं तर? गुन्हा झाल्यावर शिकार एकट्याची झाली, आणि एकट्याच्या शिकारीला तार सोयीची पडली.

शिकारीबरोबर आणखी एक गोष्ट गेली ती जागल. रानडुकरं काही आजची नाहीत. पूर्वी पीक उभं असलं की धुऱ्यावर माळा बांधून लोक रात्र काढत, आणि ती पाळीपाळीने काढत. आज माझ्या माळ्यावर तू, उद्या तुझ्या माळ्यावर मी. एकाने डबा बडवला की पलीकडचा आरोळी देई आणि कळप या बांधीतून त्या बांधीत न जाता रानात परते. बारा घरांच्या शेतीला बाराही जणांनी रोज जागायची गरज नव्हती. माझ्या मते जिथे जागल मोडली तिथे तार आली. शेजाऱ्याला ‘आज रात्री येतोस का’ असं विचारायची सवय सुटली, की माणूस खांबाकडे बघू लागतो.

आणि जागल का मोडली, यावर माझं जुनं मत नियमित वाचकांना माहीत आहे: उन्हाळी धान. माझ्याकडे याचा आकडा नाही, तरी मी ते सोडणार नाही. पूर्वी धान निघायच्या सुमारास त्याच ओलीवर लाखोरी टाकत. तिला पाणी नको, राखण बेताची, आणि थंडीत तिचे कोवळे शेंडे खुडायला कोणाच्याही बांधीत कोणीही बाई जाई, त्याला कोणी चोरी म्हणत नसे. आता पंप आहे तिथे माघातच पुन्हा रोवणी. सगळं रान वाळलेलं असताना चार बांध्या हिरव्यागार, म्हणजे रानडुकराला आवतणच. त्यात खर्च मोठा, त्यामुळे धास्तीही मोठी, आणि गावात उन्हाळी धान सगळ्यांचा नसतो. पाणी आहे त्याचाच असतो. ज्याच्याकडे पाणीच नाही तो शेजारी दुसऱ्याच्या धानासाठी थंडीत का जागेल? खरिपाच्या धानाचं तसं नव्हतं आणि नाही: पौष पौर्णिमेला पलीकडे डोंगरगडच्या बाजूला पोरं छेरछेरा मागत दारोदार फिरतात आणि प्रत्येक घर टोपलीत धान घालतं, कारण तो धान सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, सगळ्यांच्या हातांनी घरात आलेला असतो.

शेतकऱ्याची बाजू मी टाळत नाही. एका रात्रीत कळप बांधी उलथून टाकतो. पंचनामा, अर्ज, भरपाई या सगळ्यात पुढचा हंगाम येतो. नुकसान करणारं जनावर मारायच्या परवानगीची कायद्यात तरतूद आहे, पण तो कागद रात्री अकरा वाजता बांधीत उपयोगी पडत नाही. भरपाई वेळेत मिळालीच पाहिजे. मात्र तिची वाट पाहताना शेजाऱ्याच्या पायाखाली वीज पसरायचा हक्क कोणालाच मिळत नाही.

कारण आता मोह गळायला लागेल. त्या दिवसांत बायका आणि मुलं पहाटे, अंधार असतानाच टोपल्या घेऊन निघतात, आणि त्यांची वाट याच बांध्यांच्या धुऱ्यांवरून जाते. वनहक्क कायद्याने ग्रामसभेला वन्यजीवांच्या रक्षणाचा अधिकार दिला आहे, तो वापरायला मुंबईहून कोणी यायचं नाही. होळीच्या आधी दरेकसा परिसरातल्या ग्रामसभांनी बसावं. कोणाच्या शेतात तार लागते हे गावाला माहीत असतं, त्याला तिथे उभं करून विचारावं, आणि त्याच बैठकीत त्याच्या बांधीवर कोणत्या रात्री कोण जागणार त्याची यादी करावी. जागल करणाऱ्याला धानातला हिस्सा किती, तेही त्याच यादीत लिहावं. उन्हाळी धानवाल्याने तो द्यावा. पहिल्या आठवड्यासाठी माझं नाव घाला.