खेळाची पारख

चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर चढू लागला, की आठवडी बाजारात कुंभाराच्या मडक्यांभोवती गिऱ्हाइकांची गर्दी होते. त्या गर्दीतील एखादी अनुभवी गृहिणी मडके कसे निवडते, हे पाहण्यासारखे असते. ती नुसत्या रंगाला भुलत नाही. मडके उचलून ती त्यावर टिचकी मारते आणि कान देऊन ऐकते. आवाज खणखणीत आला, तर मडके पक्के भाजलेले. आवाज बद्द आला, तर कोठे तरी चीर गेलेली. मडके कसे आहे, असे तिला विचारले, तर ‘चांगले’ किंवा ‘वाईट’ एवढेच सांगून ती थांबत नाही. का चांगले आणि का वाईट, हेही सांगते. कारणासह दिलेल्या अशा मतालाच पारख म्हणतात.

आज मुलांच्या हाती मडक्याहून कितीतरी मोहक वस्तू आली आहे. ती म्हणजे मोबाइलवरील व्हिडिओ गेम. चंद्रपूर व गडचिरोली हे अरण्याचे जिल्हे खरे. परंतु हे खेळ तेथेही पोहोचले आहेत. भामरागड, एटापल्लीकडच्या काही गावांत नेटवर्क मिळविण्यासाठी उंच जागा शोधावी लागते, तरीही पोहोचले आहेत. नुकताच खेळलेला खेळ कसा वाटला, असे मुलाला विचारावे, तर उत्तर बहुधा एकाच शब्दात मिळते: ‘भारी!’ किंवा ‘बेकार!’ त्याच मुलाच्या आजोबांना विचारावे, तर त्यांचेही उत्तर एकाच शब्दात मिळते: ‘नाद!’ हे तिन्ही शब्द मत सांगतात. पारख मात्र त्यांपैकी एकातही नाही.

व्हिडिओ गेम सगळेच वाईट नाहीत आणि सगळेच चांगलेही नाहीत. मडक्यांप्रमाणे त्यांनाही एकेक करून टिचकी मारून पाहिली पाहिजे. त्यासाठी तीन प्रश्न पुरेसे आहेत.

पहिला प्रश्न असा, की हरल्यावर आपण का हरलो, हे खेळाडूला कळते काय? वाघ-बकरीचा जुना खेळ पाहावा. त्याचे पट महाराष्ट्रात अनेक ठिकाणी देवळांच्या फरशांवर व किल्ल्यांच्या पायऱ्यांवर कोरलेले आढळतात. कोळशाने जमिनीवर रेघा ओढल्या आणि चार खडे वेचले, की खेळ मांडला. वाघ थोडे, बकऱ्या पुष्कळ. वाघ उडी मारून बकरी खातो. बकऱ्या एकजुटीने वाघाची वाट कोंडतात. ज्याची बकरी गेली, त्याला आपली कोणती चाल चुकली हे तत्काळ दिसते. म्हणून तो पुढच्या डावात शहाणा होतो.

हाच गुण ‘टेट्रिस’ या खेळात आहे. मॉस्को येथील अलेक्सेई पाजित्नोव्ह या संशोधकाने १९८४ च्या सुमारास तो रचला. चार-चार चौकोनांच्या सात आकृती वरून खाली येत राहतात आणि त्या फिरवून ओळी भरावयाच्या असतात. ज्यांनी आपल्या बालपणी जत्रेतून ‘ब्रिक गेम’चे छोटे यंत्र आणले होते, त्या आईवडिलांनाही हा खेळ ठाऊक आहे. त्यात राक्षस नाही, बंदूक नाही, गोष्टही नाही. तरी तो चाळीस वर्षे टिकला. कारण त्यात हरणारा मनुष्य दुसऱ्या कोणाला दोष देऊ शकत नाही.

‘लूडो’ची गोष्ट निराळी आहे. आपल्या पचिशीवरून इंग्लंडमध्ये हा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तयार झाला. नवी मुंबईच्या एका कंपनीने २०१६ मध्ये तो ‘लूडो किंग’ या नावाने मोबाइलवर आणला आणि २०२० च्या टाळेबंदीत तो घराघरांत खेळला गेला. यात कोणती सोंगटी हलवावी एवढे शहाणपण खेळाडूचे. बाकीचा कारभार फाशाचा. म्हणूनच आठ वर्षांची नात आजीला हरवू शकते. घरातील लहानथोरांना एकत्र बसविण्यासाठी हा खेळ उत्तम आहे. मात्र त्यात मिळालेल्या विजयाने छाती फुगविण्याचे कारण नाही.

दुसरा प्रश्न असा, की खेळाने उभे केलेले जग कसे आहे आणि त्यात काय गाळले आहे? ‘माइनक्राफ्ट’ हा स्वीडन देशात तयार झालेला व २०११ मध्ये पूर्ण रूपात प्रसिद्ध झालेला खेळ जगभर प्रिय आहे. त्यात सारे जग ठोकळ्यांचे असते. मुले त्यातून घरे, पूल, किल्ले, गावे उभारतात. हरण्याजिंकण्यापेक्षा घडविण्याचा आनंद मोठा, हे या खेळाने कोट्यवधी मुलांना शिकविले. पण त्यातील अरण्य गडचिरोलीच्या मुलाने अवश्य नीट पाहावे. तेथे झाड नुसत्या मुठीने तोडता येते; आणि बुंधा तोडला तरी वरचा भाग अधांतरी तसाच राहतो! सागाचे झाड पडताना ज्याने ऐकले आहे, त्याला हे पाहून हसू आल्यावाचून राहणार नाही.

त्याच खेळात बांबूही आहे. तो झपाट्याने वाढतो आणि कोणीही हवा तेवढा तोडावा. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गावाचा अनुभव याच्या अगदी उलट आहे. या गावाला २००९ मध्ये आपल्या परिसरातील वनावर सामूहिक हक्क मिळाला. जंगलाविषयीचे निर्णय तेथे ग्रामसभा सर्वांच्या संमतीने घेते. कोवळे बांबू राखावे आणि पक्व तेवढेच तोडावे, हे बांबूच्या रानात राहणाऱ्यांना सांगावे लागत नाही. बेट एकदा बिघडले तर ते पुन्हा सावरण्यास वर्षे लागतात. खेळातील जंगलाला ग्रामसभा नाही आणि म्हातारपणही नाही.

हा त्या खेळाचा अपराध मात्र नव्हे. प्रत्येक खेळ जगातील काही गोष्टी घेतो आणि काही सोडून देतो. बुद्धिबळातही घोडा मेला म्हणून कोणी रडत नाही. परंतु काय सोडले आहे, हे खेळाडूला ठाऊक असले पाहिजे. काही खेळांत वाघ म्हणजे बंदुकीचे केवळ एक लक्ष्य असते. १९९५ साली व्याघ्रप्रकल्प झालेल्या ताडोबा-अंधारीच्या आसपासच्या गावांना वाघ यापेक्षा अधिक जवळून ठाऊक आहे. त्याला पाहावयास दुरून प्रवासी येतात, हे त्यांना माहीत आहे. मोहफुले वेचावयास पहाटे घोळक्याने का जावे, हेही त्यांना माहीत आहे; कारण वाघाने घरचे माणूस नेलेली कुटुंबे याच गावांतून राहतात. भीती, दुःख आणि आदर या तिन्ही गोष्टी ज्या वाघाभोवती एकत्र नांदतात, तो वाघ त्या खेळांत अजून आलेलाच नाही. असे म्हणण्याचा अधिकार या प्रदेशातील मुलांइतका क्वचितच दुसऱ्या कोणाला असेल.

पुण्यातील एका छोट्या संस्थेने २०२० मध्ये ‘राजी’ नावाचा खेळ प्रसिद्ध केला. राजी ही सर्कशीत काम करणारी मुलगी. असुर तिच्या धाकट्या भावाला पळवून नेतात आणि ती त्याच्या शोधास निघते. कथेचे काही भाग छाया-बाहुल्यांच्या खेळासारखे दाखविले आहेत आणि महालांची धाटणी राजस्थानी आहे. त्यातील लढाया पुष्कळशा एकसारख्या वाटतात, असे कोणी म्हटले, तर तेही मत ऐकण्याजोगे आहे. पण आपल्या देशातील कथा आणि कला यांतून जगाने खेळावे असा खेळ उभा राहू शकतो, हे ‘राजी’ने दाखविले. शिवाय काही तासांत ती कथा संपते आणि खेळाडू समाधानाने उठतो.

येथेच तिसरा प्रश्न उपस्थित होतो, आणि तो सर्वांत महत्त्वाचा आहे. खेळ खेळाडूला सुटी देतो काय?

‘पबजी’ या खेळाचे नाव न ऐकलेला मुलगा सापडणे कठीण. शंभर खेळाडू छत्रीच्या साहाय्याने एका बेटावर उतरतात. सुरक्षित वर्तुळ लहान लहान होत जाते. अखेरपर्यंत जो टिकतो तो जिंकतो. या रचनेत चातुर्य आहे, हे मान्य केले पाहिजे. चौघांचा गट करून खेळताना कोणी पुढे जावे, कोणी मागे राखण करावी, जखमी सोबत्याला केव्हा उचलावे, याचा विचार करावा लागतो. मुलांना तो आवडतो, यात नवल नाही.

परंतु असे खेळ फुकट मिळतात, म्हणजे त्यांची किंमत दुसरीकडून वसूल होते. रोज हजेरी लावणाऱ्यास बक्षीस, आज न आल्यास ते बुडाले, रंगीबेरंगी पोशाख, आत काय निघेल हे उघडेपर्यंत न कळणाऱ्या पेट्या, अशा युक्त्यांनी खेळाडूला परत परत बोलाविले जाते. कबड्डीत अंधार पडला की खेळ मोडतो आणि मुले घरी जातात. या खेळांना अंधार पडतच नाही. जेथे खेळाडू खेळाला हवा तेव्हा थांबवू शकत नाही, तेथे तो खेळत नसतो. त्याला खेळविले जात असते.

हा धोका केवळ वडीलधाऱ्यांच्या मनातला नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या रोगांच्या वर्गीकरणात खेळावरील ताबा सुटण्याच्या विकाराचा समावेश आहे. खेळणारा प्रत्येक जण आजारी, असा त्याचा अर्थ नाही. ज्याचे खाणे, झोप, अभ्यास व माणसे खेळापायी सुटत जातात आणि नुकसान दिसूनही ज्याला थांबता येत नाही, त्याच्याविषयी ते बोलते. भारत सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये ‘पबजी’वर बंदी घातली, ती देशाच्या सुरक्षिततेच्या कारणाने. पुढे २०२१ मध्ये तोच खेळ नव्या नावाने आला, तेव्हा १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती आणि वेळेची मर्यादा असे नियम त्याबरोबर आले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदाही संमत केला. तथापि घराच्या ओसरीवर कायद्याचा शिपाई उभा नसतो. तेथे खेळाडूची स्वतःची पारखच कामास येते.

‘खेळ हा मौजेसाठी असतो, त्यात एवढा विचार कशाला?’ असे कोणी म्हणेल. परंतु विचाराने मौज उणावत नाही. ज्याला गाण्यातील सूर कळतात, त्याला गाणे अधिक गोड लागते. कुस्तीतील डाव ज्याला कळतात, त्याला कुस्ती अधिक रंगतदार वाटते. आजोबांनीही एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. नातवाचा खेळ एकदा शेजारी बसून पाहिल्यावाचून त्याला ‘नाद’ म्हणणे, हेही टिचकी न मारता मडके नाकारण्यासारखेच आहे.

पारख करणाऱ्या मुलाचे मत कसे असते? ‘हा खेळ मला आवडला, कारण हरल्यावर माझी चूक मला समजली. यातले जंगल दिसावयास सुंदर आहे, पण त्यात ऋतू बदलत नाहीत. आणि रोज बोलावितो म्हणून मी तो आता फक्त रविवारी खेळतो.’ एवढी तीनच वाक्ये. परंतु त्यांत खेळाचे गुण आले, दोष आले, आणि खेळणाऱ्याचा स्वतःवरील ताबाही आला.

आज असा विचार करणाऱ्या मुलांपैकीच उद्या कोणी स्वतः खेळ रचील. तो नवी मुंबईत वा पुण्यातच रचला जाईल असे नाही. तो वैनगंगेच्या काठीही रचला जाईल. त्यातील जंगलात उन्हाळ्यात सागाची पाने गळतील, मोहाखाली पहाटे फुलांचा सडा पडेल, बांबू तोडण्यापूर्वी गावाला विचारावे लागेल, आणि वाघ समोर आला म्हणजे बंदुकीवाचून परत कसे यावे, हाच त्यातला डाव असेल. त्या खेळाची वाट पाहण्यास हरकत नाही; पण तो रचणारा हात तयार व्हावयाचा असेल, तर हाती असलेला खेळ वेळेवर खाली ठेवण्याची सवय त्याला आजच लागली पाहिजे.