पत्रिकेतला मंगळ आणि आकाशातला मंगळ

परभणी, सेलू, जिंतूर येथील व्यापारी घरांत मंगळाचे नाव बहुधा एकाच प्रसंगी निघते : मुलीसाठी स्थळ पाहताना. एरवी कर्मसिद्धांतावर ठाम असणारी घरेही येथे अडखळतात. पत्रिकेत मंगळ पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी आढळला की मुलगी मंगळी ठरते आणि चांगले जुळत आलेले स्थळ परत जाते.

या समजुतीचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. स्थाने बारा, त्यांपैकी दोषाची पाच. चोवीस तासांत बाराही राशी क्रमाने उदय पावतात. म्हणजे वर्षातला कोणताही दिवस घेतला, तरी त्यातील सुमारे दहा तासांत जन्मलेली सर्व बालके, मुलगे धरून, मंगळीच. शंभरात एकेचाळीस-बेचाळीस जणांना लागू पडणाऱ्या गोष्टीला दोष म्हणावे काय, हे ज्यांचा जन्म खातेवहीत गेला त्यांनीच ठरवावे.

प्रत्यक्षातला मंगळ हा पृथ्वीच्या निम्म्याहून थोड्या अधिक व्यासाचा, ६,७७९ किलोमीटरचा, थंड व कोरडा गोल आहे. मातीतील लोहाला गंज चढल्याने तो तांबडा दिसतो. हवा अतिशय विरळ असून तिच्यात सुमारे ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे. स्वतःभोवतीची फेरी २४ तास ३७ मिनिटांची, वर्ष मात्र आपल्या ६८७ दिवसांचे. येथील एक क्विंटल सोयाबीन तेथे स्प्रिंगच्या काट्यावर ३८ किलोच भरेल. दोन पारड्यांच्या तराजूत मात्र माप चुकणार नाही, कारण वजनेही तितकीच हलकी होतील.

या ग्रहाकडे जाण्यासाठी मुहूर्त लागतो, परंतु तो गणिताचा. पृथ्वी साधारण २६ महिन्यांनी मंगळाला मागून गाठते. यान पाठवण्याची सोयीची संधी तेवढ्याच अंतराने येते. भारताचे मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ रोजी सुटले. तो दिवस भाऊबिजेचा होता आणि वारही मंगळवार. वहीपूजन होऊन दोनच दिवस झाले होते. प्रक्षेपकाच्या मोटरची आवरणे वालचंदनगरच्या कारखान्यात घडली होती. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यात उभारलेली ही उद्योगनगरी समाजाला परकी नाही. सुमारे ४५० कोटी रुपयांच्या खर्चात यान २४ सप्टेंबर २०१४ रोजी, पहिल्याच प्रयत्नात, मंगळाच्या कक्षेत पोहोचले. सहा महिन्यांच्या मुदतीसाठी योजलेल्या या यानाने साडेसात वर्षे संपर्क राखला.

फेब्रुवारी २०२७ मध्ये मंगळ सिंह राशीत, मघा नक्षत्राजवळ, सूर्यास्ताच्या सुमारास पूर्वेला उगवेल. सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपलेले असल्याने जैन घरांना गच्चीवर जाण्यास ही वेळ सोयीची. नेमगिरीच्या यात्रेत मुक्काम असल्यास गावाच्या दिव्यांपासून दूर तो अधिक स्पष्ट दिसेल. ताऱ्यासारखा न लुकलुकणारा, तांबूस, स्थिर ठिपका ही त्याची खूण. त्या वेळी त्याचे अंतर सुमारे दहा कोटी किलोमीटर असेल.