हात न जोडण्याची किंमत

दसरा जवळ आला की अनेक कार्यालयांत वर्गणीचा कागद फिरू लागतो. संगणकाला हळद-कुंकू, कपाटाला झेंडूचा हार, साहेबांच्या हस्ते आरती. नावापुढे रक्कम लिहायची आणि सही करायची, एवढंच. अडचण होते ती सही न करणाऱ्याची.

काही वर्षांपूर्वी मी एका सामाजिक संस्थेत रुजू झाले, तेव्हा अशाच एका कागदावर नावापुढे शून्य लिहिलं. सत्यनारायणाच्या दिवशी माझ्या टेबलावर बसून अहवाल पूर्ण केला. कोणी भांडलं नाही. "हात जोडले तर झिजतात का?" एवढंच एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारलं. पण त्यानंतर डबा खाताना मला हाक मारणं बंद झालं. गावभेटीच्या गाडीत माझं नाव 'चुकून' राहू लागलं. वर्षअखेरच्या मूल्यमापनात शेरा आला : 'सर्वांमध्ये मिसळत नाहीत.' माझ्या कामाबद्दल त्यात एकही तक्रार नव्हती.

देव न मानणाऱ्या कर्मचाऱ्याचा छळ बहुतेक वेळा असाच होतो. 'तू नास्तिक आहेस म्हणून' असं कोणी कागदावर लिहून देत नाही. कागदावर येतं ते 'सहकार्याची वृत्ती नाही', 'वागणूक ताठर' असलं काहीतरी. त्यामुळे दाद कुठे मागायची, हाच पहिला प्रश्न असतो.

कायदा काय सांगतो?

संविधानाचं कलम २५ सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य देतं. धर्म पाळण्याच्या स्वातंत्र्याआधी त्या कलमात विवेकाचा उल्लेख आहे, हे आपण विसरतो. १९८६ मध्ये केरळमधल्या तीन शाळकरी मुलांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच विवेक जपला. ती मुलं राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण श्रद्धेपोटी गात नसत. त्यांना शाळेतून काढणं चूक होतं, असं न्यायालयाने ठरवलं.

आपल्या अधिक जवळचं उदाहरण नाशिकचं आहे. तिथले एक शिक्षक शाळेच्या प्रार्थनेत हात जोडत नसत. संस्थेने याला बेशिस्त ठरवून त्यांची वाढीव वेतनश्रेणी अडवली. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शिक्षकाच्या बाजूने निकाल दिला. हात जोडण्याची सक्ती हा मूलभूत हक्काचा भंग आहे, हे त्यात स्पष्ट झालं. पुढच्याच वर्षी, २०१४ मध्ये, याच न्यायालयाने 'मी कोणत्याच धर्माचा नाही' असं सांगण्याचा हक्कही मान्य केला.

पण निकाल एका जागी आणि नोकरी दुसऱ्या जागी. कलम १६ धर्म आणि जातीवरून भेदभाव करायला मनाई करतं, ते सरकारी नोकरीत. खासगी कंपनी किंवा संस्थेत नास्तिक म्हणून त्रास झाला, तर थेट दाद मागता येईल असा स्वतंत्र कायदा नाही. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी समिती सक्तीची केली. श्रद्धेवरून होणाऱ्या छळासाठी अशी समिती नाही. ज्याने शेरा लिहिला, त्याच्याकडेच तक्रार घेऊन जावं लागतं.

एकाचा 'विचार', दुसऱ्याचा 'माज'

हा प्रश्न फक्त देव आहे की नाही एवढाच नाही. त्यात जातही आहे. वरच्या मानल्या गेलेल्या जातीतला सहकारी पूजेला बसला नाही, तर त्याला 'पुरोगामी' म्हणतात, फार तर 'विक्षिप्त'. आपल्यातल्या कोणी तेच केलं तर कुजबुज होते, 'यांचं असंच असतं'. एकाच्या नास्तिकपणाला विचार म्हणायचं आणि दुसऱ्याच्या नास्तिकपणाला माज. प्रसाद नाकारला की आडनावाची चौकशी सुरू होते, हा अनुभव अनेकांनी घेतला असेल.

बौद्धांसाठी तर ही अवस्था नवी नाही. तथागतांनी सृष्टीकर्त्या ईश्वराला धम्मात जागा दिली नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांची सुरुवातच देवदेवता नाकारण्यापासून होते. २०११ च्या जनगणनेनुसार देशातल्या सुमारे ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाख महाराष्ट्रात आहेत. म्हणजे कार्यालयातल्या पूजेपासून दूर राहण्याचं कारण असणारी माणसं इथे मूठभर नाहीत. तरीही वर्गणीचा कागद 'सगळ्यांचाच' असतो.

संक्रांतीनंतरचं हळदीकुंकू मला विसरता येत नाही. सगळ्या जणी सभागृहात गेल्या. आम्ही दोघीच जागेवर राहिलो. मी गेले नाही आणि माझ्या शेजारच्या ताईंना बोलावलं नाही, कारण त्यांचे पती वारले होते. कार्यालयीन वेळेत, कार्यालयाच्या जागेत हे घडलं. 'ही तर आपली संस्कृती, यात धर्म कुठे?' असं म्हणणाऱ्यांनी त्या ताईंना विचारावं.

आपल्या घरातलंही पाहू

दुसऱ्यांना विचारताना आपणही आरशात पाहायला हवं. आपल्या संस्थांमध्ये, संघटनांमध्ये एखादा तरुण 'मी वंदना म्हणणार नाही, मी कोणताच धर्म मानत नाही' असं म्हणाला, तर आपण काय करतो? 'बाबासाहेबांचा अपमान' म्हणून त्याला गप्प करतो का? कालामांना स्वतः पारखून पाहायला सांगणाऱ्या बुद्धाचे आपण अनुयायी असू, तर त्या तरुणाची खुर्चीही सुरक्षित असली पाहिजे.

मग करायचं काय? वर्गणी ऐच्छिक आहे का, हे लेखी विचारावं. नकार द्यायचा तो शांतपणे, कुणाच्या श्रद्धेची टिंगल न करता. शेरा आला तर कोणत्या कामाच्या आधारे दिला, हे लेखी मागावं आणि तारखांसह नोंद ठेवावी. मी तो शेरा असाच लेखी विचारला होता. लेखी उत्तर आलं नाही, पण पुढच्या वर्षी तो शेराही आला नाही. सगळीकडे असं होईलच असं नाही. म्हणून बौद्ध कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी बढती-बदलीबरोबर हा प्रश्नही हाती घ्यावा आणि त्यात धर्म न मानणाऱ्यांनाही सोबत घ्यावं. एकट्या माणसाला ताठर ठरवणं सोपं असतं. दहा जणांनी मिळून तेच विचारलं, तर व्यवस्थापनाला उत्तर द्यावं लागतं.