एडिटरांची घराणी आणि आपली अक्षरे

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये, असे आपल्याकडे म्हणतात. नदीपुरते आणि ऋषीपुरते ते मला मान्य आहे. पण ज्या साधनाने मनुष्य लिहितो त्याचे कूळ मात्र विचारलेच पाहिजे. ते न विचारल्यामुळे मराठीचे मोठे नुकसान झाले आहे आणि अजून होते आहे. ‘मास्तर, तुम्ही कादंबऱ्या लिहा, संगणकाच्या पोटात शिरायचे काम इंजिनियरांचे,’ असे मला सांगण्यात येते. मी मॅट्रिकपलीकडे न गेलेला शाळामास्तर आहे, हे खरेच. परंतु पेटीतले सोने आपल्या ताब्यात आहे की सावकाराच्या, हे पाहायला कोणाला इंजिनियर व्हावे लागत नाही.

एडिटर म्हणजे येथे या अंकाचे संपादक महाशय नव्हेत. संगणकावर मजकूर लिहिण्याचा, खोडण्याचा आणि दुरुस्त करण्याचा जो प्रोग्राम, तो एडिटर. गाण्यात जशी घराणी तशी यातही आहेत, आणि त्यांतली तीन मोठी.

पहिले घराणे गरिबीत जन्मले. १९६५-६६ च्या सुमारास अमेरिकेत बर्कले येथे बटलर लॅम्पसन आणि पीटर डॉइच यांनी ‘क्यूईडी’ नावाचा एडिटर केला. तो केन थॉम्पसन यांनी पुढे नेला आणि १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत त्याचा आटोपशीर वारस लिहिला, ‘एड’. त्या वेळी समोर पडदा नसे. टेलिटाइप नावाचे टंकयंत्रासारखे धूड सेकंदाला दहा अक्षरे खडखडत कागदावर उमटवी. अशा यंत्राशी गप्पा कोण मारणार? म्हणून एडच्या आज्ञा एकेका अक्षराच्या, आणि आपण चुकलो तर त्याचे उत्तर एकच: प्रश्नचिन्ह. काय चुकले ते तुम्हीच शोधा! आमच्या लहानपणीचे हेडमास्तर यापेक्षा पुष्कळच बोलके होते.

लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजातील जॉर्ज कुलुरिस यांनी त्याला थोडे माणसाळवले आणि नाव दिले ‘एम’, म्हणजे मर्त्य मानवांसाठी एडिटर. ते १९७६ च्या उन्हाळ्यात बर्कलेला गेले. तेथे बिल जॉय या विद्यार्थ्याने तो पाहिला आणि त्यातून पडद्यावर चालणारा ‘व्हीआय’ घडला. जॉय यांच्या घरची तार सेकंदाला जेमतेम तीस अक्षरे आणी. त्यांच्या यंत्रावर बाणांच्या स्वतंत्र कळा नव्हत्या. एच, जे, के, एल या चार अक्षरांवरच बाण काढलेले होते. आजही या घराण्याचे शागीर्द त्याच चार कळांनी पडद्यावर हिंडतात. हॉलंडच्या ब्राम मोलेनार यांनी १९९१ मध्ये याच घराण्यातला ‘व्हिम’ सर्वांना फुकट दिला आणि मोबदला काय मागितला? जमल्यास युगांडातील गरीब मुलांना मदत करा! २०२३ साली ते वारले. व्हिम चालूच आहे.

दुसरे घराणे एम.आय.टी.चे. १९६२ मध्ये डॅन मर्फी यांनी ‘टेको’ लिहिला तो भोके पाडलेल्या कागदी फितीवरचा मजकूर सुधारण्यासाठी. त्याच्या आज्ञा इतक्या गूढ की आपले स्वतःचे नाव टंकावे आणि टेको त्याचा काय अनर्थ करील ते ओळखावे, असा एक खेळच तेथे चाले. या टेकोवर आज्ञांची जोडकामे रचता रचता १९७६ मध्ये ‘ईमॅक्स’ उभा राहिला. गाय स्टील, डेव्हिड मून आणि रिचर्ड स्टॉलमन ही त्यामागची नावे. स्टॉलमन यांनी त्याला एक अट घातली: घ्या, हवा तसा बदला, पण केलेली सुधारणा परत आणून द्या. शेजारणीकडून विरजण न्यावे आणि दुसऱ्या दिवशी तिच्या वाटीत आपले दही घालावे, तसा हा व्यवहार. पुढे जेम्स गॉस्लिंग यांनी लिहिलेला एक ईमॅक्स एका कंपनीकडे विक्रीला गेला. त्यातला जो भाग स्टॉलमन यांनी आपल्या नव्या ईमॅक्ससाठी घेतला होता, तो त्यांनी काढून टाकून पुन्हा लिहिला. हा ग्नू ईमॅक्स १९८५ पासून सर्वांसाठी खुला आहे.

या दोन घराण्यांच्या भक्तांमध्ये गेली चाळीस वर्षे भांडण आहे. वैष्णव आणि शैवही थकले असते! पण मुख्य गोष्टीत दोघांचे एकमत आहे, आणि भांडणाच्या गोंगाटात तीच झाकून जाते. दोघेही फायलीत केवळ अक्षरे ठेवतात. अक्षराला रंग नाही, वळण नाही, पान नाही. म्हणून व्हीआयमध्ये लिहिलेले ईमॅक्समध्ये उघडते, आणि पन्नास वर्षांपूर्वीची अशी फाईल आजही वाचता येते.

तिसरे घराणे पानाचे. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील केंद्रात १९७४ मध्ये ‘ब्राव्हो’ झाला. कागदावर जसे उमटेल तसेच पडद्यावर दिसावे, ही त्याची कल्पना. आणि तो केला कोणी? चार्ल्स सिमोनी यांनी आणि, वाचकहो, पुन्हा त्याच बटलर लॅम्पसन यांनी! म्हणजे पहिल्या घराण्याचा मूळपुरुष तिसऱ्याचाही मूळपुरुष. घराण्यांच्या शुद्धतेचा अभिमान मिरविणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. सिमोनी १९८१ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि १९८३ मध्ये ‘वर्ड’ बाजारात आला. आज आपल्यापैकी बहुतेक जण ज्यात पत्र लिहितात, तो हाच.

पान सुंदर असावे, याला माझा विरोध नाही. दिवाळी अंकात लिहिणाऱ्याने तसा विरोध केला तर त्याला फराळाला कोण बोलावील? माझे म्हणणे एवढेच की पान आणि मजकूर या दोन वस्तू आहेत. लुगडे म्हणजे बाई नव्हे.

मराठी संगणकात आली ती मुख्यतः छापखान्याच्या दाराने. १९९० च्या दशकात छपाईसाठी जे फॉन्ट निघाले, त्यांतल्या पुष्कळांनी सोपी युक्ती केली: रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे बसविली. पडद्यावर ‘आई’ दिसे. फायलीत मात्र रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा. प्रत्येक फॉन्टाचा खिचडा निराळा. फॉन्ट गेला की आई गेली! तिसऱ्या घराण्याची पानावरची नजर आपण उचलली, आणि पहिल्या दोघांचे अक्षरावरचे इमान मात्र घेतले नाही.

माझ्या पहिल्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघायची ठरली तेव्हा छापखान्यातून तिची फाईल आली. ती कोणालाच वाचता येईना. तो फॉन्ट आणि तो संगणक दोन्ही केव्हाच भंगारात गेले होते. छापील प्रतीवरून सगळी कादंबरी पुन्हा टंकावी लागली. माझी तर छापून झालेली होती. ज्यांची कधी छापलीच गेली नाही, त्यांचे काय झाले असेल?

‘त्या वेळी दुसरा उपायच नव्हता,’ असा बचाव केला जातो. अर्धा खरा आहे. युनिकोड म्हणजे जगातल्या प्रत्येक अक्षराला एक कायमचा क्रमांक. त्याच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती, आणि आपल्या ‘क’चा क्रमांक २३२५ हा तेव्हापासून ठरलेला आहे. घरोघरच्या संगणकांना ही अक्षरे नीट मांडता येईपर्यंत विंडोज २००० उजाडले, हेही कबूल. पण त्यानंतरची पंचवीस वर्षे? अजूनही काही छापखाने, कचेऱ्या आणि प्रकाशक जुनेच फॉन्ट कवटाळून बसले आहेत. याला अडचण म्हणत नाहीत. याला आळस म्हणतात.

तेव्हा दिवाळीची झाडलोट करताना संगणकाचाही माळा झाडा. आजोबांच्या आठवणी, आईच्या पाककृती, गावच्या मंडळाची जुनी इतिवृत्ते जुन्या फॉन्टात असतील तर तो फॉन्ट जिवंत आहे तोवर ती युनिकोडमध्ये उतरवून घ्या. त्यासाठी रूपांतराची साधने मिळतात. मात्र उतरलेले एकदा डोळ्यांखालून घाला, कारण जोडाक्षरे त्यात हमखास घसरतात. मग कोणत्याही घराण्याच्या एडिटरमध्ये साध्या मजकुराची एक प्रत ठेवा. आणि लेखकबंधूंनो, प्रकाशकाशी करार करताना मानधनाच्या आकड्याखाली आणखी एक ओळ लिहून घ्या: छपाई झाल्यावर अखेरचा मजकूर युनिकोडमध्ये लेखकाच्या हाती द्यावा. मानधन बुडविण्याची आपल्याकडे रीत आहे. निदान अक्षरे तरी बुडू देऊ नका.