हात धुणाऱ्या पोरीला हसू नका

उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्त्यांत एखादी पोरगी दिवसभर हात धूत राहते. कातडी सोलली तरी थांबता येत नाही. शेजारी विचारतात, "बामनीन झाली का व?" हा ओसीडी, म्हणजे मंत्रचळ. कुणी कुलूप पुन्हापुन्हा तपासतो, कुणी नकोशा विचारांनी हैराण असतो.

आम्ही कार्यकर्तेही कमी नाही. सोवळं पाळणाऱ्यांना 'ओसीडी झालाय' असा टोमणा मारतो. हे चूक आहे. १९२७ मध्ये चवदार तळं शेण-गोमूत्राने 'शुद्ध' करणाऱ्यांना त्याचा अभिमान होता. ओसीडीच्या रुग्णाला मात्र बहुधा कळत असतं की आपलं अति होतंय, आणि त्यालाच सुटका हवी असते. जात हा आजार नाही, ती सत्ता आहे. आणि आजार हा गुन्हा नाही.

गंड्यादोऱ्याने किंवा दटावण्याने तो जात नाही. औषधं आणि वर्तनोपचाराने अनेकांना आराम पडतो. भीतीला थोडंथोडं सामोरं जायचं, हात न धुता थांबायचं. बेचैनी हळूहळू ओसरते. घरच्यांनी "स्वच्छच आहे" असं वारंवार सांगू नये, त्याने चक्र घट्ट होतं. औषधाला काही आठवडे लागतात, मध्येच सोडू नये.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी उपचार हा हक्क केला आहे. नागपुरात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. १४४१६ वर टेलिमानसचा सल्ला मोफत मिळतो. हक्क मागायला लाज कसली? समता बोलणाऱ्यांनी आधी आपल्या मोहल्ल्यातलं हसणं थांबवावं.

जयभीम.