नामकरण आणि नोंदवही

आमच्या शहरात 2014 साली आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला प्रारंभ झाला, तेव्हा त्याचे नाव 'औरंगाबाद आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव' असे होते. 2020 साली सातवा महोत्सव याच नावाने पार पडला. पुढे महासाथीने खंड पडला, आणि 2023 च्या जानेवारीत आठवा महोत्सव भरला तो 'अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव' हे नाव घेऊन. गंमत अशी की, इंग्रजी आद्याक्षरे होती तीच राहिली. याला योगायोग म्हणावे की चातुर्य, ते वाचकांनी ठरवावे. क्रमांकही अखंड चालू राहिला. सातव्यानंतर आठवा आला आणि 2025 साली दहावा झाला. बदलले ते फक्त नाव.

'फक्त' हा शब्द आम्ही लिहून गेलो खरे; परंतु मराठवाड्यात नावाच्या आधी हा शब्द लिहिण्याची सोय नाही. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि त्यानंतर गावोगावच्या दलित वस्त्यांवर काय गुदरले, हे ज्यांनी पाहिले ते अद्याप आपल्यांत आहेत. नामविस्तार होण्यास 14 जानेवारी 1994 हा दिवस उजाडावा लागला. ज्या भूमीत एका नावासाठी माणसे जिवाला मुकली, तेथे 'नावात काय आहे?' हे सुभाषित ऐकवणाऱ्याला इतिहास ठाऊक नाही, किंवा ठाऊक असून त्याची त्याला लाज नाही.

हा विषय आज काढण्याचे कारण एक लहानसा प्रसंग आहे. आमच्या धर्मग्रामातील एक विद्यार्थी या महोत्सवावर महाविद्यालयासाठी प्रकल्प लिहीत होता. पहिल्या सात महोत्सवांची माहिती त्याने मूळ नावासह दिली होती. मार्गदर्शकांनी वही परत केली आणि सांगितले की, सगळीकडे आजचे नाव घाल, जुने कशाला उगाळायचे? मुलगा आमच्याकडे आला. "फादर, 2014 साली जे नाव नव्हतेच, ते मी 2014 च्या पुढे कसे लिहू?" त्याच्या या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर होते. आम्ही कपाटातून स्नानसंस्काराची नोंदवही काढली.

धर्मगुरूच्या हाताखाली जी पुस्तके असतात त्यांत या वहीइतके कठोर शिस्तीचे पुस्तक दुसरे नाही. एकदा लिहिलेली नोंद खोडायची नाही. पुढे त्या व्यक्तीचा दृढीकरण संस्कार झाला, विवाह झाला, तर समासात टीप घालायची. नाव कायद्याने बदलले, तर आधाराचा कागद पाहून तेही समासात नोंदवायचे. मूळ ओळ जशीच्या तशी राहते. आमच्या धर्मप्रांताची स्थापना 1977 साली झाली ती औरंगाबाद या नावाने; त्या काळच्या वह्यांत स्थळ म्हणून तेच नाव आहे. आज कोणी दाखला मागितला तर आम्ही शहराचे आजचे नाव लिहितो, पण 1980 च्या ओळीवर शाईचा बोळा फिरवीत नाही. तो फिरवला तर वही खोटी ठरेल, आणि ज्याच्यासाठी फिरवला त्याचा दाखलाही तिच्याबरोबर खोटा ठरेल.

कोणी म्हणेल, महोत्सव म्हणजे काही संस्कार नव्हे. मान्य. परंतु महोत्सव स्वतःला 'दहावा' म्हणवतो तेव्हा तो नोंदवहीचाच आधार घेतो. पहिली सात वर्षे मोजताना हवीत आणि त्यांचे नाव मात्र नको, हा व्यवहार आम्हांला पटत नाही. वडिलांचे घर वाटणीत घ्यायचे आणि सातबाऱ्यावरील वडिलांचे नाव सांगायला लाजायचे, त्यांतलाच हा प्रकार. पवित्र शास्त्रातही प्रभूने शिमोनाला पेत्र हे नवे नाव दिले, पण शुभवर्तमानकारांनी 'शिमोन पेत्र' असे जोडनाव ठेवले. पुनरुत्थानानंतर तलावाकाठी प्रभूने त्याला तीनदा साद घातली, तीही जुन्याच नावाने.

आता दुसऱ्या बाजूचा समाचार घेतला पाहिजे, कारण तिकडेही अविचार कमी नाही. नवे नाव म्हणजे पळवाट, शहराच्या नावाच्या वादात भूमिका घ्यावी लागू नये म्हणून लेण्यांच्या आड लपणे, असा आक्षेप आम्ही चहाच्या टेबलावर ऐकला आहे. आक्षेपकांनी तारखा पाहाव्यात. शहराचे नाव बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने 2022 च्या जूनमध्ये घेतला, जुलैमध्ये त्यात 'छत्रपती' हा शब्द घालून तो पुन्हा घेतला, आणि केंद्राची मान्यता आली ती 2023 च्या फेब्रुवारीत. आठवा महोत्सव भरला तो या दोहोंच्या मधल्या जानेवारीत. रेल्वे स्थानकाचे नाव तर 2025 च्या ऑक्टोबरात बदलले. अशा संधिकालात चित्रपट दाखवणाऱ्यांनी न्यायासनावर बसावे, ही अपेक्षाच अवाजवी होती. शिवाय या शहराला नामांतर नवे नाही. मलिक अंबरने 1610 साली वसवलेली खडकी 1626 साली फतेहनगर झाली, 1653 साली औरंगाबाद. खडकीचा इतिहास लिहिताना 'मलिक अंबरने औरंगाबाद वसवले' असे जो लिहितो, त्याला आपण गुण कापतो. मग महोत्सवापुरता निराळा नियम का?

परदेशांतील दाखले येथे उपयोगी पडतील. व्हेनिसचा महोत्सव 1932 सालचा, फॅसिस्ट राजवटीतला. तेथील 'मुसोलिनी चषक' राजवटीबरोबर गेला. परंतु मुसोलिनीच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री राहिलेल्या व्होल्पीच्या नावाचा चषक आजही नटनटींना दिला जातो आणि टाळ्याही पडतात. बर्लिनने निराळा मार्ग धरला. तेथील महोत्सवाचे पहिले संचालक अल्फ्रेड बाउअर यांच्या नावे 1987 पासून पुरस्कार दिला जात असे. नाझी काळातील चित्रपट-यंत्रणेत त्यांचे स्थान काय होते, हे 2020 च्या जानेवारीत वृत्तपत्रातून उघड होताच तो स्थगित झाला. एवढ्यावर न थांबता महोत्सवाने इतिहाससंशोधन संस्थेकडून त्यांच्या कार्याचा अभ्यास करवून घेतला. नाव काढले, आणि का काढले तेही छापले. आपल्याकडे 1990 साली 'बॉम्बे' नावाने सुरू झालेला माहितीपट-लघुपटांचा महोत्सव शहराबरोबर 'मुंबई' झाला. तेथे कोणाला जुने नाव घेताना ठेच लागत नाही.

खरे तर अजिंठा-वेरूळ हे नाव आम्हांला मनापासून आवडते. वेरूळची 34 लेणी म्हणजे 12 बौद्ध, 17 हिंदू, 5 जैन, आणि ती सारी एकाच डोंगरकड्यात शेजारी-शेजारी. महोत्सवाचा 'पद्मपाणी' पुरस्कार 2024 साली जावेद अख्तर यांना आणि 2025 साली सई परांजपे यांना मिळाला. ज्या चित्रावरून त्याचे नाव आले, त्या चित्रकाराचे नाव मात्र कोणालाच ठाऊक नाही. पण वेरूळचे नाव घेणाऱ्यांनी तेथील पंधरावे लेणेही पाहून यावे. दशावतार म्हणून प्रसिद्ध असलेले हे लेणे मुळात बौद्ध विहार म्हणून योजलेले असावे, असे अभ्यासक मानतात. कशावरून? तेथील खोल्या आणि मांडणी अकराव्या-बाराव्या बौद्ध लेण्यांसारखी आहे म्हणून. नंतरच्या शिल्पींनी आपला देव बसवला, पण आधीची घडण छिन्नीने तासून टाकली नाही. तेराशे वर्षांपूर्वीच्या पाथरवटाला जे सुचले, ते आमच्या मार्गदर्शक महोदयांना संगणकाच्या 'बदला' या कळीसमोर बसून सुचू नये, याचे नवल वाटते.

महोत्सवाच्या चालकांकडे आमचे एवढेच मागणे आहे. पुढील महोत्सवाच्या वेळी चित्रपटगृहाच्या दालनात पहिल्या सातही वर्षांची भित्तिपत्रके मूळ नावासह ओळीने लावावीत, त्यांच्या पुढे आठव्यापासूनची, आणि मधल्या जागेत नाव केव्हा व का बदलले याच्या चार ओळी, स्वच्छ मराठीत. प्रेक्षकांत जे जुन्या नावाने सुखावतात ते असतील, जे दुखावतात तेही असतील. दोघांनीही ती रांग चालत ओलांडूनच आत जावे.

आमच्या विद्यार्थ्याने प्रकल्प पुन्हा लिहिला. मुख्य ओळीत त्या-त्या वर्षीचे नाव ठेवले, आणि समासात पेन्सिलीने पट्टी धरून आजचे.