खाली बसणारा पडदा

जुम्याच्या नमाजनंतर मस्जिदच्या पायऱ्यांवर चपला शोधताना एका ओळखीच्या गृहस्थांनी विचारलं, "सर, घरात थिएटर काढलंत म्हणे?" आवाजात चौकशी कमी आणि नाराजी जास्त होती. मी हसून वेळ मारून नेली. पण उत्तर द्यायला हवं होतं.

आमचं घर भाड्याचं. बैठकीची खोली 10 बाय 14 फुटांची. पाहुणे तिथेच, मुलांचा अभ्यास तिथेच आणि अम्मीची नमाजही तिथेच. किब्ला पश्चिमेकडे, आणि विजेचा बोर्ड नेमका त्याच भिंतीवर, म्हणून टीव्हीही तिथेच टांगलेला. पाच वेळा अम्मी त्याच्यावर ओढणी टाकायची. "ये डब्बा मेरे सामने नको," हे तिचं वर्षानुवर्षांचं म्हणणं. गेल्या वर्षी टीव्ही कायमचा बंद पडला, तेव्हा तिचं ऐकायचं मी ठरवलं.

प्रोजेक्टर घ्यायचा, तर पडदा कुठे लावणार? वर पत्रे, भिंतीत ड्रिल मारायला मालकांची मनाई. तेव्हा जमिनीवर ठेवायचा पडदा मिळाला. लांबट पेटी, तिच्यात कापडाची गुंडाळी, मागे कात्रीसारख्या उघडणाऱ्या दांड्या. हँडल धरून वर ओढायचं, काम झालं की खाली दाबायचं. मोटारीचाही मिळतो, मी हाताचा घेतला. थोडे श्रम पडले की माणूस उगाच उघडत नाही.

दुकानदार करड्या रंगाचं भारी कापड गळ्यात मारत होता. ते पडद्याला खेटून ठेवलेल्या, खालून प्रकाश टाकणाऱ्या प्रोजेक्टरसाठी असतं. आमचा स्टुलावर, 9 फुटांवर. त्याला साधं पांढरं कापडच बरं. 100 इंची पडद्याची रुंदी सव्वासात फूट भरते, पेटी त्याहून थोडी लांब. शहाबादी फरशी उंचसखल, त्यामुळे पहिल्या दिवशी पडदा एका बाजूला कलला आणि कापडाला लाटा आल्या. एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली, तेव्हा सरळ झाला.

पहिल्या रविवारी गल्लीतल्या मुलांना बोलावून आचार्य अत्र्यांचा 1953चा 'श्यामची आई' लावला. उर्दू माध्यमाची मुलं, मराठी अडखळत वाचणारी. दोन्ही बाजूंना काळे पट्टे का, असं त्यांनी आधी विचारलं. जुन्या चित्रपटाची चौकट अरुंद असते, हे सांगावं लागलं. पुढे कुणी काही विचारलं नाही. मागे बसलेली अम्मी पदराने डोळे पुसत होती. थिएटरात ती तीस वर्षांत गेलेली नाही.

त्या गृहस्थांना मला हेच सांगायचं होतं. घरात चित्र दिसतं यापेक्षा ते दिवसभर भिंतीवरून खाली उतरत नाही, याचा मला जास्त त्रास होता. आणि ज्या घरांत टीव्ही नाही म्हणून अभिमानाने सांगितलं जातं, तिथे पाच माणसं पाच कोपऱ्यांत पाच मोबाइल घेऊन बसलेली मी पाहतो. कोण काय पाहतंय, कुणालाच ठाऊक नसतं. आमच्याकडे जे लागतं ते सगळ्यांसमोर, सतरंजीवर बसून. न आवडलेलं अम्मी तोंडावर सांगते, मग बदलावं लागतं. यावर खुत्ब्यात कुणी बोललेलं मी अजून ऐकलं नाही.

मगरिबची अजान झाली की धाकटा पडदा खाली दाबतो. मिटलेल्या पेटीच्या झाकणावर अम्मी हल्ली तिची तसबीह ठेवते. पडदा उघडायचा तर आधी ती उचलावी लागते, आणि उचलण्याआधी अम्मीला विचारावं लागतं.